फोनले नेवता

लटारूच्या हाताला गुण आहे, हे आंबेटोल्यात कुणालाही विचारा. पोटात मुरडा आला, पाय मुरगळला, लेकरू रात्रभर किरकिरलं, की कुरखेड्याच्या दवाखान्यात जायच्या आधी लोक त्याच्या अंगणात यायचे, आणि दवाखान्यातून परतताना पुन्हा एकदा यायचे. त्याचं पोट चाले ते तलावातल्या मासोळीवर. घराणं ढिवराचं, जाळं हातात घेऊनच जन्मलेलं. जंगलातल्या मुळ्यांची ओळख मात्र बापाने करून दिलेली, आणि मुळीचं मोल घ्यायचं नाही ही ताकीदही बापाचीच.

तर अशा या लटारूची बायको बहिरी झाली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण गाव ते गावच. 'दिव्याखाली अंधार' एवढं म्हणायला कुणाला शाळेत जावं लागत नाही.

बुधरीला दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला. ताप गेला, जाताना कान घेऊन गेला. लटारूने एकामागून एक चौदा मुळ्या आणल्या. उगाळल्या, तेलात उकळल्या, कोमट करून थेंब थेंब घातल्या. गुण आला नाही. मग गडचिरोलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कानाच्या आतली नस कमजोर झाली आहे, औषध नाही, मशीन लावा. शिबिरात मशीन मिळालंही. दहा दिवस बाईचा चेहरा कसा उजळला होता! अकराव्या दिवशी ती तलावावर जाळं धुवायला वाकली आणि मशीन डुबकन पाण्यात. लटारूने दोन तास बुड्या मारल्या. गाळातून खेकडे निघाले, मशीन काही निघालं नाही. पुढचं शिबिर होईल तेव्हा दुसरं मिळेल म्हणाले, आणि ते कधी होईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बुधरी मुकी बाई नव्हती हो. रोवण्याच्या दिवसांत धानाच्या बांधीत बायांच्या दोन रांगा समोरासमोर गाणं म्हणतात, एक रांग विचारते, दुसरी उत्तर देते. विचारणाऱ्या रांगेची म्होरकी कायम बुधरीच असायची. आता उत्तर ऐकू येईना, तर विचारायचं कुणाला? या पावसाळ्यात ती मुकाट्याने रोप लावत राहिली. हळूहळू घरातही बोलेनाशी झाली. लटारू ओरडून बोले, ती मान हलवी, कधी चुकीच्या जागी हलवी, मग तो आणखी मोठ्याने ओरडे. चार घरं पलीकडे कळायचं की लटारूकडे आज कोणती भाजी आहे, आणि शेजारी बसलेल्या बुधरीला मात्र कळायचं नाही.

नागपूरला कामाला असलेली त्यांची मुलगी रिंकू पोळ्याला आली तेव्हा तिने एक तोड काढली. फोनमध्ये घालायचं एक ॲप असतं. फोन बाहेरचा आवाज घेतो, वाढवतो आणि वायरच्या इअरफोनमधून कानात सोडतो. मशीन येईपर्यंत तेवढाच आधार. पण रिंकूने बापाला दिलेला तो जुना फोन तिच्या तोंडावर सरळ नाही म्हणाला. या फोनवर हे चालणार नाही, अँड्रॉइड जुना आहे, जागाही नाही. रिंकूने डोक्याला हात लावला, आणि जाता जाता सांगून गेली, "बाबा, कुरखेड्यात संघप्रियाबाईकडे एकदा दाखवा."

बसस्टँडच्या मागे संघप्रियाचं दुकान. तिशीची बाई, ब्रह्मपुरीला आयटीआय शिकलेली. दुकान इतकं लहान की तिघे आत आले तर चौथ्याने श्वास बाहेरच घ्यावा. तिने फोन उलटापालटा केला, काहीतरी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊ, फोन बिमार नाई तुमचा. म्हातारा बी नाई. कंपनीनं त्याले म्हातारा ठरवून टाकलं."

"मंग?"

"याले रूट करा लागन."

फुटलेली काच बदलायला आलेला देवानंद नावाचा कॉलेजातला पोरगा बाकावर बसला होता. लटारूला तो ओळखत होता. "रूट म्हणजे मूळ, भाऊ!" तो खिदळला. "मुळी! तुमचाच धंदा हाये."

लटारू हसला नाही. एका क्षणात त्याच्या मनात काय काय उठलं ते त्यालाच माहीत. चौदा झाल्या होत्या, पंधरावी राहिली होती की काय?

"कोन्या झाडाची?" त्याने विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

देवानंद हसून हसून भिंतीला टेकला. तेव्हा लटारूच्या ध्यानात आलं. त्याने फोन उचलला, खिशात घातला आणि पायरी उतरू लागला. त्याच्या मुळीवर आजवर कुणी हसलं नव्हतं, आणि ज्या मुळीने घरचंच माणूस बरं झालं नाही तिच्यावर हसलेलं त्याला सोसवेना.

"देवानंद, तुझी काच संध्याकारी," संघप्रिया म्हणाली. "नीघ आता. भाऊ, तुमी बसा. त्यानं मस्करी केली, पण बोलला खरं."

लटारू बसला. बाईने मस्करी केली नाही, एवढ्यावरच बसला.

"फोनच्या अंदर झाडच हाये असं समजा," ती सांगू लागली. "सारं एका बुडातून फुटते. फोन इकत घेतला तुमी, पण कंपनी तुमाले फांद्यायवरच फिरू देते, मुळीले हात लावू देत नाई. हे पाहा, चाळीस ॲप तिनंच भरून धाडले. गेम, दुकानं, बातम्या. तुमी कधी उघडले?"

"मी फोन उचलतो आन् ठेवतो."

"तेच तं! पण पुसाले गेलं तं पुसू देत नाई. जागा खाते, बॅटरी खाते, बसून राह्यते. मुळीपर्यंत हात गेला का हे सारं उपटून फेकता येते. नवा अँड्रॉइड टाकता येते. कंपनीनं देणं बंद केलं तरी जगातले लोक आपसात मिळून बनवतात, फुकट वाटतात. आवाज किती वाढवाचा हे बी मंग आपल्या हातात. पाच वर्साचा फोन अजून पाच वर्स चालन." तिने त्याच्याकडे पाहिलं. "खोटं नाई सांगत. गॅरंटी जाते, तुमची तं कधीची संपली. पैशाचे ॲप रुसतात. आन् कुठी चुकलं तं फोनची वीट होते."

"वीट?"

"वीट. भिंतीत लावाची."

लटारूला ही बाई आवडायला लागली. भगताने आणि डॉक्टराने 'होईल बरं' असं सांगितलेलं त्याने पुष्कळ ऐकलं होतं. बिघडलं तर काय होईल हे आधी सांगणारं माणूस त्याने बापानंतर पाहिलं नव्हतं.

"अजून एक हाये," ती जरा दबकतच म्हणाली, कारण याच ठिकाणी गिऱ्हाईक बिथरत असे. "आज होत नाई. या कंपनीले पयले अर्ज करा लागते का आमाले मुळीपर्यंत येऊ द्या. आज अर्ज टाकला का सात दिवस थांबा लागते. मंगच थे कुलूप खोलू देते. पोरं येऊन भांडतात माझ्याशी, आत्ताच करून दे म्हणतात. मी तरी काय करू?"

लटारूचे डोळे बारीक झाले. तो पुढे सरकला.

"म्हणजे नेवता द्या लागते," तो म्हणाला.

"काय?"

"नेवता, आवतन. मुळी अशी जाऊन खणाची नसते, बाई. आदल्या दिवशी सांजच्यानं झाडाजवळ जाचं. हळदीचे तांदूळ ठेवाचे. सांगाचं, माय, माझ्या घरी माणूस दुखनाईत हाये, उद्या तुले न्याले येतो. मंग घरी याचं. सकाळी कोनाशी न बोलता जाचं आन् खणाचं. नेवता नाई दिला तं मुळी येते, पण तिचा गुण येत नाई." तो थांबला. "तुमच्या फोनची मुळी मोठी हाये. तिले सात दिवसाचा नेवता लागते. बराबर हाये."

'बराबर हाये' असं आजपर्यंत त्या सात दिवसांना कुणीच म्हटलं नव्हतं. संघप्रियाने फोन जवळ ओढला. मग म्हणाली, "हाव भाऊ. नेवताच." आणि तिने अर्ज टाकला. सिम काढायचं नाही, आत काही खोलबंद करायचं नाही, फोन शांत ठेवायचा, हे तिने तीनदा बजावलं. तीनदा बजावायची काही गरज नव्हती. नेवता दिलेल्या गोष्टीला लटारू हात लावणार होता थोडाच!

खोलबंद करायचं नाही, तेवढं त्याने पाळलं. पण नेवता आपल्या पद्धतीने द्यायचा राहिला होता ना! त्या संध्याकाळी त्याने डब्यातले चिन्नोरचे तांदूळ काढले, बारीक दाण्याचे, घरातले सगळ्यांत चांगले, पाहुण्यांसाठी राखलेले. त्यांना हळद लावली, देवळीत फोन ठेवला, त्यावर चिमूटभर वाहिले, आणि पुटपुटला, "माय, माझ्या घरी माणूस दुखनाईत हाये."

बुधरी दारातून बघत होती. "फोनची पूजा करून राह्यले काय?" तिने विचारलं.

सांगायचं तर ओरडून सांगावं लागणार. ओरडून सांगितलं की टोला जमा होणार. आणि जमलं नाही तर पंधरावी मुळीही फसली, हे साऱ्या टोल्याला कळणार. लटारूने नुसता हात हलवला. काही नाही, जा. बुधरी वळली आणि आत गेली. ती काय समजून गेली, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. पुरुषमाणूस.

आठव्या दिवशी सकाळीच भात खाऊन दोघे बसने कुरखेड्याला आले. बुधरी का आली हे बुधरीला माहीत नव्हतं. चल म्हटलं, ती आली. संघप्रियाने फोन घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बॅटरी संपत आलेली.

"चार्ज नाई केला?"

"दोन दिवसापासून वायरच अंदर जात नाई," लटारू म्हणाला. "मले वाटलं, नेवत्याचं काही असन."

वायर तिच्याकडूनही जाईना. बॅटरी उरली चार टक्के, आणि वायर जोडल्याशिवाय एक पाऊल पुढे सरकता येत नव्हतं. संघप्रियाने डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला, फोनच्या बुडाच्या भोकात घातला. चिमटा आत गेला, निसटला, पुन्हा गेला. मग तिने हळूच काहीतरी बाहेर ओढलं आणि भिंगाखाली धरलं.

पिवळा तांदळाचा दाणा.

लटारूने मान खाली घातली. आता ही हसणार. हसली तर तिचं चुकतंय असंही म्हणता येणार नव्हतं.

"चिन्नोर घातला काय, भाऊ?" ती म्हणाली.

"हाव."

"तरीच. जाडा तांदूळ असता तं अंदर गेलाच नसता." तिने तो दाणा त्याच्या तळहातावर ठेवला. "राहू द्या. नेवता पोचला."

आणि वायर आत गेली.

पुढचा तासभर लटारूने जे पाहिलं ते तो अजूनही तलावावर सांगतो, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगतो. आपण वाढवू नये. संघप्रियाने फोन लॅपटॉपला जोडला. कंपनीचं कुलूप उघडताना फोनमधलं सगळं पुसलं जातं, म्हणून रिंकूचे फोटो तिने आधीच उतरवून घेतले. कुलूप उघडलं, तशी जुन्या अँड्रॉइडची अख्खी नक्कलही काढून ठेवली. "काही बिघडलं तं जुनं परत रोवता येते," ती म्हणाली. मुळी खणताना अर्धी जमिनीत राखावी, झाड मरता कामा नये, असं लटारूचा बाप सांगायचा. लटारूने मान डोलावली. या बाईला हे कुणी शिकवलं असेल?

तिची बोटं झपाझप चालत होती, पण घाई नव्हती. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत होती, ती प्रत्येक ओळ वाचून मगच पुढचं बटण दाबत होती. फोन बंद झाला. काळाठिक्कर. आणि नेमकी तेव्हा लाईट गेली. पंखा थांबला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सरकारला शिवी हासडली.

"आता?" लटारू पुटपुटला.

"लॅपटॉपले बॅटरी हाये. वायरले धक्का नोका लावू. फक्त बसा."

दोघे बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. फोन काही बोलेना. वीट, लटारूच्या मनात आलं, झाली वीट. संघप्रियाच्या गळ्यावर घाम ओघळत होता, पण तिने तो पुसायलाही हात हलवला नाही. जाळं टाकून पाण्याकडे बघत बसलेलं माणूस लटारूला नवीन नव्हतं. अशा माणसाशी बोलू नये हे त्याला माहीत होतं, आणि अशा माणसाला एखाद्या दिवशी रिकाम्या हाताने जावं लागतं हेही. बुधरी बाकावर बसून रस्त्यावरच्या बसकडे बघत होती. तिच्या दृष्टीने हा फोन दुरुस्त करायचा दिवस होता आणि तो लांबला होता.

पंधराव्या मिनिटाला फोनच्या काळोखात एक बारीक पांढरा ठिपका फिरायला लागला.

"आली," संघप्रिया म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिने पदराने गळा पुसला.

फोन उघडला तो जणू दुसऱ्याच कुणाचा. स्वच्छ, रिकामा, बोट लावताच पळणारा. कंपनीची भरताड जुन्या अँड्रॉइडबरोबर निघून गेली होती. नव्यातही चार-दोन नकोशी ॲप होतीच. ती मुळापासून काढताना तिने फोन लटारूपुढे धरला. "उपटा तुमीच." लटारूने बोट दाबलं, एक गेलं. दुसरं गेलं. "निंदण चांगलं होते," तो म्हणाला आणि सात दिवसांत पहिल्यांदा हसला. मग तिने रिंकूने सांगितलेलं ते ॲप घातलं. फोनने या वेळी हूं की चूं केलं नाही. दुसरं कुठलंही ॲप त्याला झोपवणार नाही अशी तिने तजवीज केली. आवाजाची हद्द वाढवली, आणि वर एक पक्की मर्यादाही बांधली, उरलेल्या नसेला धक्का बसू नये म्हणून. "मशीन मिळन तवा थेच लावा," ती म्हणाली. "हे तोवर."

लाईट आली. संघप्रिया उठली, बुधरीच्या बाजूला बसली, तिच्या दोन्ही कानांत इअरफोन ठेवले आणि फोनवर बोट अगदी हळू वर सरकवलं.

बुधरीची मान ताठ झाली. तिने वर पाहिलं. "हे काय वाजून राह्यलं?"

"पंखा हाये, बाई," संघप्रिया म्हणाली. उठून तिच्या पाठीमागे गेलेली होती, आणि साध्या आवाजात म्हणाली.

बुधरीने मागे वळून पाहिलं.

लटारूने ते पाहिलं. पाठीमागचं बोलणं ऐकून त्याची बायको वळली, हे त्याने या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग त्याला राहवेना. तो दोन ढांगांत तिच्याजवळ गेला, वाकला, आणि दोन वर्षांच्या सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडला, "बुधरे! आयकू येते काय?"

बुधरी दचकून मागे सरली. एका कानातला इअरफोन तिने ओढून काढला.

"काऊन ओरडता?" ती म्हणाली. "मी काय केलं तुमचं? दोन वर्सं झाले, तुमी ओरडूनच राह्यले. मले आयकू नाई ये, पण तोंड तं दिसे तुमचं. मले वाटे, या माणसाले आता माझा कटाळा आला."

लटारू सरळ झाला. दोन वर्षं तो काय ओरडत होता, ते त्याला आठवलं. चहा घे. पायरी जपून. ऊन लागन, घरात ये. रिंकूचा फोन आला होता. ओरडताना त्याच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि तिला शब्द सोडून नुसतं तेवढंच दिसायचं. चौदा मुळ्या आणणाऱ्या माणसाला एवढं कळू नये?

संघप्रियाने पाठ केली आणि दुसऱ्याच कुणाचा फोन उघडायला घेतला.

लटारू बाकावर बुधरीशेजारी बसला. तिच्या हातातला इअरफोन घेतला आणि आपल्या हाताने तिच्या कानात परत ठेवला. आता हळू बोलायचं होतं. पण हळू बोलायचं काय? दोन वर्षांत तो तिच्याशी हळू असं काही बोललाच नव्हता.

"जेवली काय?" त्याने विचारलं. इतक्या हळू की त्याचं त्यालाच धड ऐकू आलं नाही.

सकाळी निघताना दोघांनी एकाच पंगतीत भात खाल्ला होता. बुधरीलाही ते ठाऊक होतं.

"हाव," ती तितक्याच हळू म्हणाली. "तुमी?"